अठराव्या वाढदिवसाआधी

मुलगी बारावीत असताना तिला अठरा पूर्ण झाली आणि पुढच्याच महिन्यापासून तिच्या वडिलांनी खावटी बंद केली. बोर्डाची परीक्षा तोंडावर आणि क्लासचा हप्ता थकलेला.

मूल कमावतं होईपर्यंत बापाची जबाबदारी, असं आपल्याकडे सगळेच धरून चालतात. कायदा तसं म्हणत नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम 125, म्हणजे 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144, यात खावटी मूल सज्ञान होईपर्यंतच आहे. त्यानंतर ती फक्त शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे स्वतःचं पोट भरू न शकणाऱ्या अपत्याला मिळते, त्यातही विवाहित मुलगी वगळून. शिक्षण चालू आहे, हे कारण तिथे चालत नाही.

अविवाहित मुलीला मात्र दुसरी वाट आहे. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, 1956, कलम 20. स्वतःच्या कमाईतून किंवा मालमत्तेतून तिचं भागत नसेल, तर अठरानंतरही तिचा निर्वाह आईवडिलांवर आहे. बौद्ध, जैन, शीख कुटुंबांनाही हा कायदा लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये अभिलाषा विरुद्ध प्रकाश या खटल्यात हेच स्पष्ट केलं. जबाबदारी दोघांची असल्याने आईच्याही पगाराचा हिशोब होतो. उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र खटल्यातल्या दोन्ही पक्षांना द्यावं लागतं.

कलम 20 खालचा अर्ज मुलीनं स्वतःच्या नावानं करायचा असतो. ‘सामनेवाला’ या शब्दापुढे वडिलांचं नाव वाचलं आणि वकीलपत्रावर सही करताना माझ्या लेकीचा हात थांबला. तुमच्या मुलीला घाई करू नका. पण फीच्या पावत्या, प्रवेशपत्र, वसतिगृहाचा खर्च, सगळं आधीपासून एका फाईलमध्ये लावून ठेवा. अठरा पूर्ण होण्याआधीची थकबाकीही बुडत नाही. मात्र कलम 125 किंवा 144 खालच्या आदेशाची असेल, तर प्रत्येक हप्ता देय झाल्यापासून वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो.

धडधाकट मुलग्याला 1956 च्या कायद्यातही अठरानंतर काही नाही. मला याचंच जास्त वाईट वाटतं, कारण इंजिनिअरिंगची फी मुलगा-मुलगी बघत नाही. म्हणून संमतीने घटस्फोट घेताना ‘मुलांचा खर्च वडील करतील’ एवढ्यावर थांबू नका. पदवी पूर्ण होईपर्यंत, फी कोण भरणार, किती आणि कोणत्या तारखेला, हे संमतीच्या अटींमध्ये लिहून घ्या, आणि मगच सही करा.