नगराचा कारभार आणि नगराचा पैसा

आपल्या संस्थेतून शिकून बाहेर पडलेल्या अनेक विद्यार्थ्यांचे संसार आज तालुक्याच्या गावी, एखाद्या नगरपंचायतीच्या वा लहान नगरपरिषदेच्या हद्दीत थाटलेले आहेत. नळाचे पाणी, गटार, रस्त्यावरचा दिवा, कचरागाडी या त्यांच्या रोजच्या गरजा ज्या संस्थेच्या हाती आहेत, तिचा कारभार मात्र बहुतेकांना अपरिचित असतो. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने तो विषय थोडक्यात मांडावा, असे आम्हांस वाटले.

74 व्या घटनादुरुस्तीने 1993 पासून नागरी स्थानिक संस्थांना घटनात्मक अधिष्ठान लाभले. दर पाच वर्षांनी निवडणूक, अनुसूचित जाती-जमाती व महिलांसाठी राखीव जागा, आणि राज्य वित्त आयोग या तीन गोष्टी तिने बंधनकारक केल्या. बाराव्या अनुसूचीत अशा संस्थांकडे सोपवावयाचे 18 विषय नमूद आहेत. पाणीपुरवठा, आरोग्य व स्वच्छता, झोपडपट्टी सुधारणा हे त्यांतलेच. महाराष्ट्रात हा कारभार 1965 च्या नगरपरिषद अधिनियमानुसार चालतो. नगरपंचायतीत 17 प्रभागांतून 17 नगरसेवक निवडून येतात. धोरण ठरवावयाचे सर्वसाधारण सभेने, ठराव करून. ते अंमलात आणावयाचे मुख्याधिकाऱ्याने. मुख्याधिकारी हा राज्य शासनाने नेमलेला अधिकारी असतो, तर नगराध्यक्ष व नगरसेवक हे मतदारांना उत्तरदायी असतात.

आता पैशाकडे वळू. नगराचे स्वतःचे उत्पन्न म्हणजे मुख्यतः मालमत्ता कर, पाणीपट्टी, बाजार व गाळ्यांचे भाडे आणि निरनिराळ्या परवान्यांचे शुल्क. एके काळी जकात हा मोठा आधार होता. 1999 साली नगरपरिषदांची जकात रद्द झाली आणि तिच्या जागी शासनाचे सहायक अनुदान आले. केंद्रीय वित्त आयोगाचा निधीही मिळतो. पंधराव्या वित्त आयोगाने लहान शहरांसाठी या निधीचा 60 टक्के भाग पिण्याचे पाणी व स्वच्छता यांच्याशी बांधून दिला. उरलेला 40 टक्के स्थानिक गरजेनुसार वापरण्याची मुभा ठेवली. तात्पर्य असे की, लहान नगराच्या तिजोरीतील बराचसा पैसा बाहेरून येतो आणि येताना आपल्या अटी घेऊन येतो. सभेला खऱ्या अर्थाने स्वतंत्रपणे वापरता येतो तो स्वतः वसूल केलेला पैसा.

येथेच अंदाजपत्रकाचे मर्म आहे. समजा, एका नगराची मालमत्ता कराची मागणी 100 लाख रुपये आहे आणि प्रत्यक्ष वसुली 60 लाखांची होते. अंदाजपत्रकात मात्र पूर्ण 100 लाख जमेस धरून कामांची तरतूद केली. वर्षाअखेर 40 लाखांची तूट येते. वेतन थांबविता येत नाही, पाणीयोजनेचे वीजबिल टाळता येत नाही, कर्जाचा हप्ता चुकविता येत नाही. मग कात्री लागते ती नव्या कामांना. आणि ज्या वस्तीचा आवाज सभागृहात क्षीण, तिचे काम प्रथम मागे पडते. फुगविलेले अंदाजपत्रक सर्वांना खूश करते, पण त्याची किंमत दुर्बल वस्ती मोजते. थकबाकीदार सधन असो वा गरीब, त्याच्या थकबाकीचा भार शेवटी गटाराविना राहणाऱ्या गल्लीवर पडतो.

ठराव आणि अंमल यांतील हे अंतर आपल्या समाजाला नवे नाही. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गास खुले असावेत, असा त्याचा आशय होता. जो पैसा सर्वांचा, त्यातून उभी राहिलेली सोयही सर्वांची, हे तत्त्व त्यात स्पष्ट होते. महाड नगरपालिकेने जानेवारी 1924 मध्ये चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला; पण तो कागदावरच राहिला. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोकांनी तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा त्या ठरावात प्राण आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तो मागे घेतला, आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय देईपर्यंत वाद चालला. एका लहान नगराच्या सभेतील एक ठराव, आणि त्याच्या अंमलासाठी 13 वर्षे! नगरपालिकेच्या इतिवृत्ताकडे क्षुल्लक कागद म्हणून पाहणाऱ्याने हे स्मरणात ठेवावे.

आज अडसर निराळे आहेत, आणि साधनेही आपल्या हाती आहेत. करआकारणीची यादी प्रसिद्ध झाल्यावर तिच्यावर मुदतीत हरकत घेता येते. माहितीचा अधिकार अधिनियम 2005 अन्वये अंदाजपत्रक, इतिवृत्त व लेखापरीक्षण अहवाल मागता येतात. ते हाती आल्यावर चार प्रश्न विचारावेत. गतवर्षी कराची मागणी किती व वसुली किती? आपल्या प्रभागासाठी कोणत्या लेखाशीर्षाखाली किती तरतूद झाली? त्यांतील किती रक्कम खर्च झाली व किती अखर्चित राहिली? दुर्बल घटक, महिला व बालकल्याण आणि दिव्यांग यांच्यासाठी राखून ठेवावयाचा हिस्सा खरोखर त्यांच्यावरच खर्च झाला काय?

हे प्रश्न विचारण्याचा नैतिक अधिकार मात्र स्वतःचा कर वेळेवर भरणाऱ्यासच शोभतो. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी वकील आहेत, कोणी लेखापाल, कोणी शिक्षक, तर कोणी स्वतः नगरसेवक. प्रत्येक नगरात अशा चार-पाच जणांनी वर्षातून एकदा एकत्र बसून आपल्या नगराचे अंदाजपत्रक वाचावे आणि ते वस्तीतील लोकांना सोप्या भाषेत समजावून सांगावे. ज्यांना आकडे वाचता येतात त्यांनी ते न वाचणाऱ्यांसाठी वाचावेत, एवढेच आमचे मागणे आहे. शिक्षणाचा उपयोग याहून अधिक जवळ कोठे शोधावयाचा?