इतिहास आणि राज्यशास्त्राचा पेपर

दहावीला राज्य मंडळाचा इतिहास व राज्यशास्त्राचा पेपर 40 गुणांचा असतो. गणित-विज्ञानाच्या धबडग्यात त्याच्या वाट्याला बहुधा परीक्षेची आदली रात्र आणि गाईडमधली ठोकळेबाज उत्तरे येतात. तेवढ्यावर पास होता येते. विषय मात्र कोराच राहतो.

पाठ्यपुस्तकाची सुरुवात इतिहासलेखनाने होते. राजे नाहीत, लढाया नाहीत, म्हणून ही प्रकरणे रुक्ष वाटतात. वास्तविक सर्वांत आधी तीच नीट वाचायला हवीत, कारण ‘हे कशावरून?’ असे विचारायला ती शिकवतात. वि. का. राजवाड्यांनी गावोगावची दप्तरे धुंडाळून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे 22 खंड काढले ते याच प्रश्नापायी.

1972 चा दुष्काळ हे त्याचे जवळचे उदाहरण. पावसाने दगा दिला आणि महाराष्ट्रभर सरकारने दुष्काळी कामे काढली: खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव. त्या कामांवर गेलेल्या माणसाला बोलते केले की सुकडी (कामावर मिळणारा पूरक आहार) आणि मिलो (आयात केलेली ज्वारी) हे शब्द हमखास निघतात. हे मौखिक साधन. त्या काळची वर्तमानपत्रे आणि विधिमंडळातल्या चर्चा ही लिखित साधने. दोन्ही ताडून पाहावीत. आठवणीत साल मागेपुढे होते. कागदात साल बरोबर असते, पण हाताला आलेले फोड नसतात.

राज्यशास्त्र सुरू होते ते इथूनच. मागेल त्याला काम मिळावे, ही कल्पना विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी लावून धरली होती. दुष्काळाने तिची निकड पटवली आणि 1977 मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला. मग पैसा आणायचा कुठून? त्यासाठी 1975 मध्येच व्यवसाय कर बसवला होता. महाराष्ट्रातल्या बहुतेक नोकरदारांच्या पगारपत्रकावर हा कर अजून दिसतो: महिन्याला 200 रुपये, फेब्रुवारीत 300. घरातले एखादे पगारपत्रक मागून ती ओळ एकदा स्वतः पाहावी. पुढे 2005 मध्ये संसदेने देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

अशी एक साखळी समजली की ‘सकारण स्पष्ट करा’ या प्रश्नाची धास्ती वाटत नाही. सनावळ्या पाठ करू नयेत, असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो; तो अर्धवट आहे. आधी काय घडले आणि नंतर काय, हे माहीत नसताना कारण सांगणार कसे? मोजके सन पाठ हवेतच, फक्त प्रत्येक सनाशेजारी एक ‘का’ लिहिलेला असावा.

राज्यशास्त्राचा विभाग पुस्तकाबाहेरही वाचावा. संविधानाची उद्देशिका, गावची ग्रामसभा, निवडणुकीच्या काळात भिंतीवर लागलेली मतदार यादी, हे सारे त्याच अभ्यासक्रमातले. त्या यादीत नाव यायला पूर्वी 21 वर्षे पूर्ण व्हावी लागत. 61 व्या घटनादुरुस्तीने 1989 मध्ये ही अट 18 वर्षांवर आली. दहावीच्या मुलामुलींना तिथवर पोहोचायला दोन-तीन वर्षेच उरलेली असतात.