देवरियाताल : मुलांच्या पावलांनी

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की लसीकरणासाठी आलेले पालक दवाखान्याचे दार ओलांडता ओलांडता हमखास विचारतात, "डॉक्टर, यंदा हिमालयात जायचं ठरतंय. हिला नेलं तर चालेल ना?" 'चालेल' किंवा 'नको' एवढे म्हणून मोकळे होता येते, परंतु कोठे, किती उंचीवर, किती दिवसांत आणि मुख्य म्हणजे कोणाच्या गतीने, हे कळल्याशिवाय त्या उत्तराला अर्थ नसतो. म्हणून माझ्या परिचयाच्या एका सोप्या वाटेच्या आधारे हा विषय येथे मांडतो.

उत्तराखंडच्या रुद्रप्रयाग जिल्ह्यात, उखीमठच्या वरच्या अंगाला सारी नावाचे लहानसे गाव आहे. तेथून सुमारे अडीच किलोमीटर चढून गेले की बांज आणि बुरांश यांच्या वनातून एकाएकी मोकळे कुरण लागते आणि त्यात शांत पडलेला देवरियाताल दिसतो. उंची सुमारे २,४०० मीटर. वारा नसेल तर ७,१३८ मीटरचे चौखंबा शिखर पाण्यात उलटे उभे राहते. यक्षाने युधिष्ठिराला प्रश्न विचारले ते सरोवर हेच, अशी तेथील श्रद्धा आहे. त्या कथेतील चौघा भावांनी न विचारता पाणी प्यायले. आपण निदान न उकळता पिऊ नये!

लहान मुलांसाठी मी हे तळे सुचवतो ते त्याच्या उंचीमुळे. विरळ हवेचा त्रास साधारणतः २,५०० मीटरच्या वर जाणवू लागतो. हे तळे त्या रेषेच्या किंचित खाली आहे. शिवाय सारीला मुक्काम करून सकाळी चढावे आणि दुपारी उतरावे, इतकी ही वाट आटोपशीर आहे. मात्र बडोदे जवळजवळ समुद्रसपाटीवर वसलेले. आपल्या मुलांना चढण ठाऊक नसते. त्यामुळे निघण्यापूर्वी दोन-तीन रविवारी पावागडावर जावे आणि उडनखटोल्याचा मोह टाळून माचीपासून दुधिया तलावापर्यंत पायी चढावे. मूल किती वेळाने बसते, किती पाणी पिते, कोणता बूट चावतो, हे तेथे कळते. बडोद्याहून परतण्याच्या अंतरावर कळलेले बरे.

ऋषिकेशहून उखीमठ सुमारे १८० किलोमीटर, वळणे अगणित. एका दिवसात हे अंतर रेटण्यापेक्षा श्रीनगर किंवा रुद्रप्रयागला एक रात्र काढावी. (हे श्रीनगर गढवालचे.) उलटीचे औषध डॉक्टरांना विचारूनच द्यावे; सर्रास वापरले जाणारे प्रोमेथाझिन दोन वर्षांखालील बालकाला मुळीच देऊ नये. दम्याच्या मुलाचा इन्हेलर आणि स्पेसर आईच्या खांद्यावरच्या पिशवीत असावा, गाडीच्या डिकीत नव्हे. जन्मजात हृदयविकार, डाऊन सिंड्रोम किंवा सिकलसेलचा आजार असलेल्या मुलांच्या पालकांनी तिकिटे काढण्यापूर्वी सल्ला घ्यावा. आपल्या पूर्वेकडील आदिवासी पट्ट्यातून येणाऱ्या रुग्णांमुळे सिकलसेलचा उल्लेख मला विशेष आवश्यक वाटतो.

आता एक कबुली. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी चि. चौदा महिन्यांचा असताना त्याला पाठीवरच्या झोळीत घालून मी ही वाट चढलो. ऑक्टोबरातली सकाळ होती. मी घामाने निथळत होतो, म्हणून हवा गार आहे हे मला जाणवलेच नाही. मूल आश्चर्यकारक शांत होते आणि त्या शांततेचा मला अभिमानही वाटला. वर पोहोचल्यावर सौ.ने त्याचे पाय हातात घेतले. ते बर्फासारखे थंड पडले होते. चालणाऱ्याला चालण्याची ऊब असते, झोळीतल्या बालकाला ती नसते. उलट झोळीच्या पट्ट्यांनी मांड्यांतील रक्तप्रवाहही दबू शकतो. सौ.ने त्याला शालीत, पोटाशी धरले. पंधरा-वीस मिनिटांनी तो रडू लागला, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. बालरोगशास्त्रातील एम.डी. त्या वेळी माझ्यापाशी होती, हे सांगायला नको. तेव्हापासून मी सर्वांना सांगतो : दर वीस मिनिटांनी झोळी उतरवा, पाय चाचपा, बालकाला थोडे हलू द्या.

पाच-सहा वर्षांच्या मुलाला ही चढण दोन तास, कधी अडीच तासही घेते. सकाळी सातला निघावे. मे महिन्यात दुपारी ढग दाटतात आणि चौखंबा लपतो. परतण्याची वेळ सारी गावातच ठरवून टाकावी. साडेदहापर्यंत तळे आले नाही, तर जेथे असू तेथे डबा सोडावा आणि मागे फिरावे. वडीलधाऱ्यांना हे जड जाते. मुलांना नाही, त्यांना वाटेतला दगडसुद्धा पुरतो.

तळ्याकाठी एका मोठ्या माणसाने केवळ मुलांवर लक्ष ठेवावे, हाती कॅमेरा न घेता. अर्ध्या तासाने दुसऱ्याने ते काम घ्यावे. बुडणारे मूल हाका मारीत नाही.

खरा धोका पुढच्या दिवशी असतो. तळे सहज झाले की "आलोच आहोत तर तुंगनाथही करू" हा विचार मनात येतोच. तुंगनाथ सुमारे साडेतीन हजार मीटरवर आहे, म्हणजे तळ्याहूनही हजारभर मीटर उंच. जायचेच असेल तर आदली एक रात्र सुमारे २,७०० मीटरवरील चोपत्याला काढावी आणि दर्शन घेऊन त्याच दिवशी खाली यावे. मोठी मुले डोके दुखते म्हणून सांगतील. बोलू न शकणारे बालक फक्त किरकिरते, दूध नाकारते, झोपत नाही, ओकते. आपण म्हणतो, दात येत असतील. उंचीवर अशी लक्षणे दिसली तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत ती उंचीचीच समजावीत आणि पुढे चढू नये. मूल सुस्त पडले, तोल जाऊ लागला किंवा स्वस्थ बसूनही धाप लागू लागली, तर मात्र थांबणेही नको. सुमारे १,३०० मीटरवरील उखीमठकडे ताबडतोब उतरावे. तेथे पोहोचल्यावर मूल हसू-खेळू लागले, तरी पुन्हा वर नेऊ नये.