आजोबांना शुगर होती, मग खीर कशी चालते?

पितृपक्ष आला की सकाळी नुसती धांदल. एका शेगडीवर खीर, दुसरीवर वडे, डबे भरायचे राहिलेत आणि गच्चीवर पान घेऊन गेलेले आपले अहो कावळ्याची वाट बघून वैतागलेत. नेमकं तेव्हाच पोरगं विचारतं, "आजोबांना शुगर होती ना? मग खीर कशी चालते?"

"गप बस, असं बोलू नये." बहुतेक घरांत हेच उत्तर मिळतं. आपल्याला वेळ नसतो, खरं उत्तर ठाऊक नसतं, आणि गेलेल्या माणसाबद्दल पोरानं असं काही काढलं की उगाच पोटात गोळा येतो.

त्याला चेष्टा करायची नसते हो. आजोबा आता नक्की आहेत कुठे, याचा तो हिशेब लावत असतो. आजी म्हणते देवाघरी, काकू म्हणते तारा झाले, भिंतीवर हार घातलेला फोटो आहे आणि आज कावळा. त्यात आपली भिवंडी! वर्गातला दोस्त सांगतो, शब-ए-बरातला आम्ही कबरस्तानात जाऊन दुआ मागतो, कयामतच्या दिवशी सगळे पुन्हा उठणार. बौद्ध मैत्रिणीच्या घरी पान ठेवतच नाहीत. बाबासाहेबांनी 1956 साली नागपुरात दिलेल्या 22 प्रतिज्ञांमध्ये श्राद्धपक्ष न करण्याचीही एक आहे.

पोरांचा गोंधळ उडेल अशी आपल्याला भीती. खरं तर "आपल्याकडे असं मानतात, त्यांच्याकडे तसं" एवढं सांगितलं की मुलं तिन्ही उत्तरं आरामात सांभाळतात. त्यांना जड जातात ती आपली गुळमुळीत वाक्यं. "आजोबा झोपलेत" म्हटलं की लेकरू रात्री डोळे मिटायला घाबरतं. "चांगली माणसं देवाला आवडतात, म्हणून नेतो" म्हटलं की चांगलं वागावं की नाही, अशी शंका त्याला येणारच! चार-पाच वर्षांच्या मुलाला तर गेलेलं माणूस परत येत नाही हेच नीट उमगलेलं नसतं. म्हणून आधी साधं सांगावं: आजोबांचं शरीर थांबलं, आता त्यांना दुखत नाही, भूक लागत नाही, ते परत येणार नाहीत. पुढचं कोणीच बघून आलेलं नाही. मला असं वाटतं, बाबांना तसं वाटतं. आणि खीर? ती त्यांना आवडायची म्हणून. आपल्याला त्यांची आठवण येते म्हणून.

आईबाबांचं एकमत नसलं तरी चालतं. एकानं पान ठेवावं, दुसऱ्यानं नुसतं हात जोडून उभं राहावं. मुलांसमोर एकमेकांची टर उडवली नाही म्हणजे झालं.

उत्तर येत नाही याची लाज तर नकोच. कठोपनिषदातला नचिकेता पोरच होता. "मला कोणाला देणार?" असं त्यानं तीनदा विचारलं तेव्हा बापानं वैतागून "यमाला" म्हणून टाकलं. म्हणजे घाईतले आईबाप तेव्हाही होतेच! मग त्यानं थेट यमाला विचारलं, मेल्यावर माणूस उरतो की नाही? यम म्हणाला, हे सोडून काहीही माग, देवांनाही यात शंका आहे. प्रत्यक्ष यम टाळाटाळ करतो, तिथे सकाळी साडेसातला आपण काय सांगणार? "आत्ता घाईत आहे, रात्री बोलू" म्हणावं. पण रात्री खरंच बोलावं.

कारण रात्री, दिवा मालवल्यावर, खरा प्रश्न निघतो. "आई, तू पण मरशील?" इथे "छे, काहीतरीच!" म्हणून कूस बदलू नये. "मला खूप वर्षं तुझ्याबरोबर राहायचंय. आणि काही झालंच, तरी बाबा आहेत, मावशी आहे, तू एकटा पडणार नाहीस." स्वर्ग-नरकाचं राहू द्या, डबा कोण देणार आणि शाळेत कोण सोडणार हे त्याला आधी कळायला हवं असतं.

मोठी मुलं एक दिवस म्हणतात, "मला हे काही पटत नाही." तेव्हा "आजीसमोर बोलू नकोस" असं अगदी ओठांवर येतं. उलट त्यांना आजीकडेच पाठवून बघा. तिला या विषयावर पुष्कळ बोलायचं असतं. विचारतच कोणी नाही.