चाकातले आपोआप लागणारे कुलूप

जीपगाडी तुम्ही पाहिली आहे. धूळ उडवीत गावात येते, चिखलातूनही वाट काढते, तीच ही. ड्रायव्हर लोक तिला ‘फोर व्हील’ म्हणतात. म्हणजे काय, ते आज पाहू.

साध्या मोटारीत इंजिनाचा जोर दोनच चाकांना मिळतो. बाकीची दोन चाके नुसती गडगडत जातात. कोरड्या रस्त्यावर एवढे पुरते. पण चिखलात जोराचे चाक जागच्या जागी फिरते. खड्डा होतो आणि गाडी पोटावर बसते. अशा वेळी चारही चाकांनी ओढायला हवे. त्यासाठी जीपमध्ये एक जादा दांडी असते. ती ओढली की इंजिनाचा जोर पुढच्या चाकांकडेही जातो.

जातो खरा, पण चाकापर्यंत पोचतो का? खरी गोम इथेच आहे.

आपली बैलगाडी डोळ्यांपुढे आणा. चाकाच्या मध्ये लाकडी तुंबा असतो. तुंब्यातून लोखंडी आस जातो. आस फिरत नाही, चाक त्याच्याभोवती फिरते. जीपच्या पुढच्या चाकालाही तुंबा असतो. मेकॅनिक त्याला हब म्हणतो. मात्र जीपचा आस पोकळ आहे, नळीसारखा. नळी जागची हलत नाही. तिच्यावर चाक फिरते आणि तिच्या पोटातून एक दांडा येतो. इंजिनाचा जोर घेऊन येणारा तो हाच दांडा. त्याला अ‍ॅक्सल म्हणतात. अ‍ॅक्सल आणि हब एकमेकांना जोडले, तरच पुढचे चाक ओढू लागते. जोडले नाहीत तर दांडा आत फिरत राहील आणि चाकाला त्याचा पत्ताही नसेल.

तुम्ही म्हणाल, मग दोघांना कायमचे जोडून का टाकत नाहीत? पूर्वी तसेच होते. दुसऱ्या महायुद्धात 1941 पासून अमेरिकेने ज्या विलीज जीपगाड्या बनवल्या, त्यांची पुढची चाके अ‍ॅक्सलला पक्की जोडलेली असत. दांडी सोडून गाडी नुसत्या मागच्या चाकांवर चालवली, तरी रस्त्यावर गडगडणारी पुढची चाके आतले दांडे नि दातेरी चाके फिरवीत बसत. दाणे नसलेले जाते फिरवावे, तसे ते काम! भाग झिजतात, आवाज होतो, तेलही थोडे जास्त जळते. युद्ध संपल्यावर तिकडे या गाड्या लोकांच्या हाती आल्या. आपल्याकडे मुंबईच्या माझगावात 1949 मध्ये जीप जोडू लागले. त्याच्या आदल्याच वर्षी, 1948 मध्ये, अमेरिकेतल्या आर्थर वॉर्न नावाच्या गृहस्थाने जीपसाठी हबचे कुलूप बनवायला घेतले. नको तेव्हा चाक मोकळे, हवे तेव्हा जोडलेले.

हे पहिले कुलूप हाताचे. चाकाच्या मध्यावर एक चकती असते. ‘फ्री’ म्हणजे मोकळे, ‘लॉक’ म्हणजे लागलेले. खाली उतरायचे, एका चाकाची चकती फिरवायची, मग दुसऱ्या चाकाची. साधे आणि भरवशाचे. पण उतरायचे चिखलात! म्हणून पुढे आपोआप लागणारे कुलूप निघाले.

ते कसे लागते? दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंतवून पाहा. आता एक हात फिरवला तर दुसराही फिरतो. बोटे सोडा, दोन्ही हात मोकळे. हबच्या आत अशीच एक दातेरी कडी आहे. ती अ‍ॅक्सलवर मागेपुढे सरकते. एरवी स्प्रिंग तिला हबच्या दातांपासून दूर ठेवते. कडीच्या जवळ उतरण असलेला एक भाग असतो, चढावासारखा. ड्रायव्हरने दांडी ओढली, गाडी थोडी हलली, की इंजिन अ‍ॅक्सलला फिरवू लागते. फिरता फिरता कडी त्या चढावावर चढते, बाजूला ढकलली जाते आणि तिचे दात हबच्या दातांत बसतात. कुलूप लागले! चाकाचा एक फेरा व्हायच्या आत बहुधा हे घडते. सायकलचे फ्रीव्हील आठवा. पायडल मारले की आतली कुत्री दातांना धरतात, पाय थांबला की सोडतात. इथली रचना वेगळी आहे, पण फिरण्यानेच धरायचे ही गोष्ट तीच. काही गाड्यांत मात्र चढावाऐवजी रबराचा पडदा असतो. इंजिनाकडून आलेली नळी हवा ओढून घेते आणि पडद्याबरोबर कडी सरकते. ती नळी फुटली की कुलूप लागत नाही.

आता समजा, आषाढाचे दिवस आहेत. वस्तीवरची बाई बाळंतपणात अडली आहे. तिला जीपमध्ये घालून तालुक्याला न्यायचे आहे. वाटेत ओढ्याचा चिखल. ड्रायव्हर तसाच आत शिरतो. मागची चाके गरगर फिरायला लागल्यावर तो दांडी ओढतो. दांडा एकदम जोराने फिरतो आणि कडीचे दात हबच्या दातांवर खडखडत घासतात. एका बाजूचे कुलूप लागते, दुसरे लागत नाही. मग काय होते? पुढच्या दोन चाकांना जोर वाटून देणारी पेटी असते, तिला डिफरन्शियल म्हणतात. तिचा स्वभाव असा, की जी बाजू हलकी फिरेल तिकडे ती फिरणे सोडते. मोकळा दांडा नुसता फिरत राहतो. ज्याचे कुलूप लागले, ते चाकही ओढत नाही. दोनापैकी एक म्हणजे अर्धा जोर नव्हे, तर काहीच नाही. दांडी ओढलेली आहे म्हणून ड्रायव्हर निश्चिंत, आणि गाडी तिथेच.

म्हणून दांडी चिखलाच्या अलीकडे ओढावी. घट्ट जमिनीवर, सरळ वाटेवर, चाके घसरत नसताना. चार पावले हळू चालवून कुलपे लागू द्यावी, मग आत शिरावे. बाहेर उभ्या माणसाने पुढच्या दोन्ही चाकांकडे बघावे, मात्र गाडीच्या पुढे उभे राहू नये. मागची चाके घसरत असताना पुढची चाके माती खणत नसतील, तर कुठेतरी कुलूप लागलेले नाही.

चिखल संपला की कुलूप सोडायचे. नुसती दांडी मागे घेऊन ते सुटत नाही. कडी चढावावर चढून बसलेली असते ना! तिला उलटे फिरवावे लागते. म्हणून दांडी मागे घ्या, आणि पुढे जात असाल तर गाडी सरळ दोन-तीन मीटर मागे घ्या. गाडीच्या पुस्तकात अंतर दिलेले असते, ते पाळा. कडी घसरते, स्प्रिंग तिला मागे ओढते. चालताना चाकातून कट्कट् आवाज आला, तर एक बाजू अर्धवट अडकली समजा. थांबून पुन्हा मागे घ्या. रबरी पडद्याच्या गाडीला मागे घ्यावे लागेलच असे नाही.

डांबरी कोरड्या रस्त्यावर चारही चाके जोडून वळू नये, हेही सांगून ठेवतो. वळणावर पुढची चाके मागच्यापेक्षा लांबची वाट चालतात. चिखलात चाक थोडे घसरून फरक भरून काढते. डांबरावर घसरता येत नाही, मग सगळा पीळ दांड्यांवर पडतो.

या आपोआप कुलपाची एक खोड आहे. निसरड्या उतारावर लहान गिअर टाकून इंजिनाने गाडी आवरतात. तेव्हा दांडा चाकाला फिरवत नाही, चाक दांड्याला फिरवते. काही जातींची कुलपे अशा वेळी क्षणभर सुटतात आणि धक्का देऊन पुन्हा लागतात. डोंगरी वाटेवर तो क्षणही महाग पडतो. म्हणून घाटमाथ्यावरच्या गाडीला हाताचे कुलूप बरे, असे माझे मत आहे. सपाटीवरच्या गाडीला आपोआप लागणारे चालेल.

हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत चाकात कुलूपच नसते. जोडणे-सोडणे मध्ये अ‍ॅक्सलवर होते, किंवा चारही चाके कायम जोडलेली असतात. तेव्हा आपल्या गाडीत काय आहे, ते आधी मेकॅनिकला विचारून घ्या. हबचे कुलूप असेल, तर पाण्यातून गाडी गेल्यावर ते उघडून पाहायला सांगा. पाणी शिरले की स्प्रिंग गंजते. आणि ग्रीस भरताना हात आवरा. बैलगाडीच्या आसाला वंगण माखावे, तसे जाड ग्रीस इथे थापले, तर कडी त्यात रुतून बसते आणि सरकत नाही.