टायर घ्यायला तूही दुकानात जा

अगं, जावईबापूंनी जुनी चारशेसात मालगाडी घेतली आणि हप्ता तुझ्या नावावर आहे, हे कळलं तेव्हाच म्हटलं, हिच्याशी एकदा टायरबद्दल निवांत बोलायला हवं. इंजिन, बॉडी, कागदपत्रं तुम्ही नीट पाहिली असतील. टायर मात्र विकणाऱ्यानं जे लावून दिले तेच आहेत, आणि त्यांची नक्षी आता बोटालाही लागत नाही म्हणतेस. म्हणजे बदलणं आलंच. आमच्याकडे ट्रक चालतात आणि हिशेबाची वही माझ्या हातात असते. डिझेलच्या खालोखाल पैसा जातो तो टायरवर. तरी घरातल्या बाईला त्यातलं कुणी काही सांगत नाही, तिनं फक्त पैसे काढून द्यायचे. तू तसं करू नकोस.

दुकानदार पहिल्यांदा विचारेल, रोडवर चालवणार की वावरात? तुमचं उत्तर ‘दोन्हीकडे’ असंच असणार. वर्ध्याच्या नालवाडीतल्या गाडीचं कामच तसं आहे. घरातून निघालं की नागपूर रोड, येळाकेळीला गेलं की समृद्धी महामार्ग. आणि माल उचलायचा तर पांदणीत उतरल्याशिवाय इलाज नाही. दुपारी वावरातून सोयाबीनची पोती काढायची आणि त्याच रात्री भाजी घेऊन कळमन्याला जायचं, हे एकाच गाडीला करावं लागतं.

म्हणून आधी टायरची जात ओळख. ज्याच्यावर गोल फिरणाऱ्या सरळ पट्ट्या दिसतात तो रिब. तो डांबरावर, सिमेंटवर शांत पळतो, स्टेअरिंगला हलका राहतो, कमी तापतो. ज्याच्यावर आडवे जाड ठोकळे आणि मधे खोल खाचा असतात तो लग. त्याचे ठोकळे मातीत रुततात आणि गाडी पुढे ढकलतात. पण हायवेवर तोच टायर घोंगावतो, जास्त तापतो आणि भराभर झिजतो. या दोघांच्या मधला तो सेमी-लग: मधे पट्ट्या आणि कडेला ठोकळे.

माझं मत विचारशील तर पुढे दोन्ही रिब आणि मागे चारही सेमी-लग. पुढची चाकं गाडी वळवतात, मागची ढकलतात. त्यामुळे चिखलातली पकड मागे हवी आणि रस्त्यावरचा ताबा पुढे. कुणी म्हणेल, एकदाच पैसे घालायचेत तर सहाही लग घ्या, म्हणजे कुठं अडायला नको. ऐकू नकोस. चिखलात गाडी अडली तर ट्रॅक्टर लावून ओढता येते, फार तर अर्धा दिवस जातो. हायवेवर पुढचा टायर फुटला तर माणूस जातो. दोन्हीकडे चालणारी गाडी असली तरी टायर निवडताना हायवेचा विचार आधी करायचा, तो एवढ्यासाठी.

शिवाय आपल्या काळ्या मातीत लगचंही फार चालत नाही. दोन पावसांनंतरची माती इतकी चिकट होते की चार चकरांत खाचा बुजतात, मडगार्डपर्यंत गोळे भरतात आणि टायर नवाकोरा असला तरी जागीच फिरत राहतो. अशा वेळी दोन दिवसांची उघडीप मिळू द्यायची आणि मगच गाडी घालायची. फार निकड असेल तर माल बैलगाडीनं किंवा ट्रॅक्टरनं रस्त्यावर आणून घ्या. जावईबापूंना हे तूच सांग, कारण गिऱ्हाईक घाई करतं आणि गड्याला नाही म्हणवत नाही.

आता उन्हाचं ऐक. वर्ध्याचं ऊन तुला मी काय सांगू, नवतप्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. समृद्धी बहुतेक सिमेंटची. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर सुरू झाली, जून २०२५ मध्ये पूर्ण ७०१ किलोमीटर झाली. गावं नाहीत, गतिरोधक नाहीत, त्यामुळे गाडी तासन् तास एका दमात पळते. टायर चाकाबरोबर फिरताना दर फेरीला खाली दबतो आणि पुन्हा फुगतो. हवा कमी असेल किंवा माल जास्त असेल तर तो जास्त दबतो, आणि त्या दबण्यानंच आतून तापतो. वरून काही दिसत नाही. आतलं रबर आणि दोरा सुटत जातो आणि मग टायर एकदम फुटतो. म्हणून समृद्धीवर मालगाडीला ताशी ८० ची मर्यादा आहे ती पाळा, आणि पांदणीत सोय म्हणून हवा कमी केली असेल तर रोडला लागण्याआधी ती पुन्हा भरूनच निघा.

हवा सकाळी, गाडी निघायच्या आत मोजायची. धावून आलेल्या गरम टायरमध्ये हवा वाढलेली दिसतेच, ती घाबरून काढायची नसते. काढली तर थंड झाल्यावर टायर मऊ पडतो. ड्रायव्हर लोक टॉमीनं टायर ठोकून आवाजावर अंदाज घेतात. पार बसलेला टायर त्यानं कळतो, पण पंधरा-वीस पौंड कमी असलेला कळत नाही. एक हवेचं मीटर विकत घे आणि गाडीतच ठेव. मागच्या जोडीतला आतला टायर लोक सोडून देतात, त्याच्या व्हॉल्व्हपर्यंत हात जात नाही म्हणून. तोच आधी मोजायचा. जोडीच्या मधे दगड अडकला असेल तर तिथल्या तिथे काढायचा, नाहीतर तो दोन्ही टायर कापतो. नायट्रोजन भरा म्हणून कुणी आग्रह केला तर भरा, वाईट काही नाही, पण आपल्या साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. दाब बरोबर आहे की नाही, हे महत्त्वाचं.

दुकानात गेलीस की टायर आडवा करायला सांग आणि मोबाईलचा उजेड पाडून त्याच्या कडेवरचं वाच. ७.५० आर १६ असं असेल तर साडेसात इंच रुंदी, रेडियल, सोळा इंचाची रिम. पुढे १२२/११८ एल असं काही दिसेल. १२२ म्हणजे एकेरी चाकावर १५०० किलो, ११८ म्हणजे जोडीतल्या प्रत्येक टायरवर १३२० किलो आणि एल म्हणजे ताशी १२० पर्यंत. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय त्यापेक्षा हे आकडे कमी नकोत. मग चार आकड्यांचा शिक्का शोध. ३५२५ असेल तर तो २०२५ च्या पस्तिसाव्या आठवड्यात तयार झालेला. दोन-तीन वर्षं गोदामात पडलेला टायर चकचकीत पुसून देतात, तो घेऊ नकोस. आयएसआयची खूण पाहा.

नायलॉन की रेडियल, यावरही तुमची चर्चा होईल. मुरुमाच्या किंवा गिट्टीच्या खाणीतच गाडी राबणार असती तर मी नायलॉन म्हटलं असतं, त्याची कड दगडाला जास्त दाद देत नाही आणि तो स्वस्तही पडतो. तुमची गाडी नागपूरच्या वाटेवर जास्त असणार. रेडियल घ्या. महाग आहे, पण थंड राहतो, डिझेल कमी लागतं आणि जास्त दिवस टिकतो. एका ॲक्सलवर एक नायलॉन आणि एक रेडियल असं मात्र कधीच लावू देऊ नका, आणि जोडीतही एक नवा, एक झिजका नको.

रिमोल्डचं, म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवलेल्याचं सांगते, कारण पैसे कमी पडले की मन तिकडेच जातं. नागपूर रोडच्या कडेला काळ्या रबराच्या लांब साली पडलेल्या दिसतात, त्यातल्या बऱ्याच अशा चढवलेल्या रबराच्या असतात. चांगल्या केसिंगवर, चांगल्या ठिकाणी केलेला रिमोल्ड मागे, जवळच्या फेऱ्यांना चालेल. पुढे कधीच नको.

बिल पक्कं घे. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, दुकानदार जुना दर लावत नाही ना ते पाहा. आणि नियमानं नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झालेला टायर रस्त्यावर चालत नाही. खाचेत बारीक उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला.

सहा टायरांचे पैसे एकदम जमत नसतील तर मन मारून बसू नकोस आणि हायवेची फेरीही घेऊ देऊ नकोस. या आठवड्यात पुढचे दोन नवे रिब घे, मागच्यांचं कापसाचे पैसे आले की बघू.