न दुखणारा दात

दात दुखू लागल्यावाचून दंतवैद्याची पायरी चढावयाची नाही, अशी पुष्कळांची समजूत असते. एक वृद्ध गृहस्थ असेच २० वर्षांनी दंतवैद्याकडे गेले. दाढ आतपर्यंत किडली होती. ती काढावी लागली.

“परवापर्यंत ती मुळीच दुखली नव्हती!” ते खेदाने म्हणाले.

दंतवैद्य म्हणाले, “दाताचे बाहेरचे कवच हाडाहूनही कठीण असते, पण त्यात मज्जातंतू नसतात. दातांना चिकटलेल्या गोड कणांपासून जंतू आम्ल तयार करतात. त्या आम्लाने कवच पोखरले, तरी वेदना होत नाही. कीड खोल शिरली म्हणजे मगच कळ येते. आणि नष्ट झालेले कवच पुन्हा वाढत नाही.”

दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ नातवाला घेऊन तेथे हजर झाले. नातवाचा एकही दात दुखत नव्हता.